बिलेट, बिल आणि झेडपी

"डिक्शनरी पाठ केली तर इंग्रजी येईल का हो?"

दहावीच्या पोरांपासून अभ्यासिकेत खुर्ची धरून बसलेल्या पदवीधरांपर्यंत सगळे हा प्रश्न विचारतात. विचारणाऱ्याच्या घरातली डिक्शनरी एकदा मिटून कडेने बघावी. ए आणि बी यांच्या पानांची कड बोटांच्या मळाने काळी पडलेली असते आणि सीच्या पुढे पुस्तक कोरं करकरीत. जूनमध्ये रोज दहा शब्दांचा नेम धरलेला असतो, गणपती येईपर्यंत तो सुटतो. एखादा हट्टी झेडपर्यंत पोचतोही, पण त्याला दोन वाक्यं बोलायला सांगितली की घाम फुटतो.

असं का होतं, ते बघायला आपण जालन्याला जाऊ. पोलाद, बियाणं आणि मोसंबी या तीन धंद्यांमुळे या जिल्ह्यात इंग्रजी शब्द ट्रकने येतात. त्याआधी ते फौजेबरोबर आले, मिशनऱ्यांबरोबर आले, रेल्वेने आले. एवढे शब्द एका गावात उतरले की त्यांचं काय होतं हे बघण्यासारखं असतं.

१. तीन वर्णमालांचं गाव

जालना ज्यात होतं ते हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं. तोवर जालन्यात थोडंफार पुढे शिकलेल्या माणसाच्या डोक्यात तीन वर्णमाला नांदायच्या. घरची अ आ इ ई, कचेरीतल्या उर्दूची अलिफ बे पे आणि साहेबाची ए बी सी. तिन्हींचा क्रम वेगळा, आणि तो क्रम लावण्यामागचं डोकंही वेगळं.

आपला क्रम तोंडातल्या जागांवरून लागतो. क, च, ट, त, प एवढी पाच अक्षरं मोठ्याने म्हणा. आवाज घशापाशी सुरू होतो आणि टाळू, मूर्धा, दात करत ओठांवर येऊन थांबतो. ही मांडणी ज्याने केली त्याने आरशात नाही, तोंडात डोकावून बघितलं होतं. उर्दूचा क्रम बराचसा आकारावर जातो. बे, पे, ते, टे, से यांची होडी एकच, फरक वरच्या-खालच्या खुणांचा. जीम, चे, हे, खे हा दुसरा गट. किराणा दुकानदार एका घाटाच्या बरण्या एका फळीवर ठेवतो, तसं.

आणि ए, बी, सी? त्या क्रमामागे आज सांगता येईल असं काही कारण नाही. तीन हजार वर्षांपूर्वी फिनिशियन व्यापाऱ्यांची पहिली दोन अक्षरं होती आलेफ आणि बेथ, म्हणजे बैल आणि घर. ग्रीकांनी त्यांचं आल्फा-बीटा केलं, त्यावरूनच अल्फाबेट हा शब्द. रोमनांनी ती माळ उचलली आणि पुढे इंग्रजांनी. आजेसासूने मांडणीवर डबे ज्या क्रमाने लावले, त्याच क्रमाने नातसून लावत राहिली. मिठाशेजारी गूळ का, हे आता कोणालाच विचारता येत नाही.

बेथ म्हणजे घर, हे जरा लक्षात ठेवा. जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ती ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी वसवली. बेथेल हा हिब्रू शब्द, अर्थ देवाचं घर. म्हणजे इंग्रजीतल्या बी या अक्षराचा सख्खा नातलग जालन्याच्या शिवारात राहतो.

आपली वर्णमालाही काही अगदी सोवळी राहिली नाही. बॅंक आणि ऑफिस लिहायला लागणारे ॲ आणि ऑ हे स्वर २००९ साली राज्य सरकारने अधिकृत वर्णमालेत घेतले. ॲ बसला एच्या मागे, ऑ ओच्या मागे. पाहुण्यांना पाट मिळाला, तोही पंगतीच्या मधोमध.

२. क्रम सापडण्यासाठी असतो

क्रम कशासाठी लागतो हे एका हिशेबाने कळतं. समजा, डिक्शनरी हजार पानांची आहे. बरोबर मधे उघडा. तुमचा शब्द अलीकडे की पलीकडे? उरली पाचशे पानं. पुन्हा मधे उघडा, अडीचशे. मग सव्वाशे, त्रेसष्ट, बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक. दहा वेळा उघडलं की हजार पानांतलं नेमकं पान हातात येतं. क्रम नसता तर पहिल्या पानापासून वाचत बसावं लागलं असतं. पुस्तक दुप्पट जाड झालं तरी खेप फक्त एकच वाढते, अकरावी. हे मला अजूनही जादूसारखं वाटतं.

ही युक्ती इंग्रजांनाही उपजत येत नव्हती. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री याने इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच सांगणारा पहिला कोश छापला, शब्द जेमतेम अडीच हजार. त्याच्या प्रस्तावनेत तो वाचकाला समजावतो की आधी अक्षरांचा क्रम नीट पाठ करा, मग एने सुरू होणारा शब्द पुस्तकाच्या सुरुवातीला शोधा आणि व्हीने सुरू होणारा शेवटाकडे. लंडनच्या वाचकाला हे सांगावं लागलं होतं. तेव्हा आपल्या पोराला 'नॉलेज' एनमध्ये सापडला नाही म्हणून त्याच्यावर डाफरू नये. तो केमध्ये दडलेला असतो. 'फोटो' पीमध्ये, 'सायकॉलॉजी'ही पीमध्ये. कंट्रोल, चेक आणि सिमेंट हे आपल्या कानाला क, च आणि स, पण तिथे तिघेही एका सीच्या छपराखाली.

मराठीतही अकारविल्हे कोश छापायला साहेबाची गरज हे कारण झालं. विल्यम कॅरीने १८१० मध्ये सेरामपूरला मराठी कोश छापला. मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि थॉमस कँडीने तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. हे सगळं मुख्यतः गोऱ्या अंमलदाराला रयतेची भाषा कळावी म्हणून. उलट बाजूची गरज, म्हणजे मराठी माणसाला इंग्रजी वाचता यावं ही, नीळकंठ बाबाजी रानडे यांनी १९०३ ते १९१६ या काळात प्रसिद्ध केलेल्या कोशाने मोठ्या प्रमाणावर भागवली. नंतर वीरकरांची डिक्शनरी घरोघर गेली.

पण आपल्याकडचे जुने कोश अक्षरांवर चालत नसत, विषयावर चालत. अमरकोशात स्वर्गाचे शब्द एकत्र, पाण्याचे एकत्र, वनस्पतींचे एकत्र. शिवछत्रपतींच्या काळातला राजव्यवहारकोशही वर्गवार लावलेला. असा कोश पाठ करण्यात अर्थ होता, कारण शेजारी बसलेले शब्द एकमेकांचे सोयरे असत. गंमत म्हणजे पीटर रॉजेने १८५२ मध्ये इंग्रजी शब्दांचा विषयवार कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत अमरकोशाची आठवण काढली होती.

अकारविल्हे कोशातले शेजारी म्हणजे एसटीतले शेजारी. सीट नंबर लागून आले एवढाच संबंध.

३. बिलेटची गोष्ट

आता एक शब्द प्रत्यक्ष शोधू. जालन्याच्या एमआयडीसीत कोणत्याही चहाच्या टपरीवर हा शब्द कानावर पडेल: बिलेट. भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून त्याचे लांबट चौकोनी ठोकळे ओततात, ते बिलेट. ते पुन्हा तापवून रोलिंग मिलमधून काढले की घराच्या स्लॅबमध्ये पडणारी सळई होते.

डिक्शनरी उघडा. बी, मग आय, मग दोन एल, मग ई. बिलेट सापडला. पण एकदा नव्हे, दोनदा! पहिल्या बिलेटच्या डोक्यावर बारीक १, दुसऱ्याच्या डोक्यावर बारीक २. एकाचा अर्थ सैनिकांचा मुक्काम, म्हणजे लोकांच्या घरांत केलेली त्यांच्या राहण्याची सोय. दुसऱ्याचा अर्थ लाकडाचा ओंडका किंवा धातूचा ठोकळा.

तो बारीक आकडा बहुतेक जण बघतच नाहीत. डिक्शनरीतली सगळ्यात मोलाची खूण तीच आहे. ती सांगते की हे एका शब्दाचे दोन अर्थ नाहीत, हे दोन वेगळे शब्द आहेत आणि योगायोगाने सारखे दिसतात. गावात दोन देशमुख असतात, त्यांचं एकमेकांशी सोयर नसतं की सुतक. आपल्याकडे 'नाव' आहे. बारशाला ठेवतात ते नाव संस्कृत नामन् वरून आलं, नदीत चालते ती नाव 'नौ' वरून. लिंगसुद्धा वेगळं.

मुक्कामाचा बिलेट आला 'बुल्ला' या लॅटिन शब्दाकडून, म्हणजे कागदावरचा शिक्का. शिक्क्याचा कागद म्हणजे बिल, छोटा कागद म्हणजे बिलेट. शिपायाने हा कागद दाखवला की घरमालकाने त्याला जागा द्यायची, मग त्या जागेलाच बिलेट म्हणू लागले. ठोकळ्याचा बिलेट आला झाडाच्या खोडाला म्हणत त्या फ्रेंच 'बिय' वरून. त्याच लाकडातून निघाला बिलियर्ड, कारण तो खेळ काठीचा. आता ट्रक मिलच्या फाटकातून निघताना बघा. मागे हौद्यात बिलेट, ड्रायव्हरच्या हातात बिल. ऐकायला काका-पुतणे, नात्याने परके. आणि कधीकाळी शिपायाला मिळालेला बिलेट मात्र ड्रायव्हरच्या हातातल्या बिलाचा सख्खा.

शिपायाचा बिलेटही या जिल्ह्याला परका नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, असई गावापाशी, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढाई केली. पुढे जालन्यात छावणीही आली. असईचं नाव इंग्रजी पलटणींच्या निशाणांवर गेलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ते लिहिलं की अकारविल्हे सूचीत त्याच्या अगदी अलीकडे जो शब्द येतो त्याचा अर्थ 'धातूचा कस पाहणे'. फरक शेवटच्या एका ईचा. एसटीतला शेजार, दुसरं काय.

४. क्रॉसिंग कुठलं?

आता दुसरा प्रकार. जालन्यात सकाळी कोणी म्हटलं "क्रॉसिंग आहे", तर कळायचं काय?

फलाटावर उभे असाल तर समोरून दुसरी गाडी येतेय, ती निघाल्याशिवाय आपली हलणार नाही. कापसाच्या बीजोत्पादनाच्या शेतात असाल तर बाया परागीकरणाच्या कामाला लागल्यात. आदल्या दिवशी मादी झाडांच्या कळ्यांतले पुंकेसर काढून ठेवलेले असतात, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्यावर फिरवतात. प्रत्येक फुलाला माणसाचा हात लागतो. बॅंकेत असाल तर क्रॉस केलेला चेक, थेट खात्यात जाणारा. बेथेलच्या चर्चवर असतो तोही क्रॉसच.

हे चारही अर्थ एकाच शब्दाचे. लॅटिन 'क्रुक्स' म्हणजे वधस्तंभ, आडवं आणि उभं लाकूड. त्या फुलीवरून एकमेकांना छेदणं, ओलांडणं, दोन वाणांचं मीलन, चेकवरच्या दोन तिरक्या रेघा. डिक्शनरीत याला एकच मथळा आणि खाली १, २, ३, ४. एका वाड्यातले वाटण्या झालेले भाऊ. आपल्याकडे डोळा आहे ना: माणसाचा डोळा, उसाचा डोळा, मोराच्या पिसावरचा डोळा.

तेव्हा डोक्यावरचा बारीक आकडा म्हणजे वेगळी घरं आणि आतले आकडे म्हणजे एकाच घरातल्या खोल्या. हे कळलं की यादी पाठ करण्याची अर्धी मजुरी वाचते. चार अर्थ चार वेळा घोकण्याऐवजी ती फुली डोळ्यासमोर आणायची.

५. जालन्याची छोटी डिक्शनरी

आता काही शब्द इंग्रजी अक्षरक्रमाने घेतो. छापील अर्थ एकीकडे आणि गावातला वापर दुसरीकडे.

बीडीएन. कुठल्याच डिक्शनरीत नाही. मराठवाड्यातला तूर पेरणारा मात्र 'बीडीएन ७११' झोपेतही सांगेल. ही तीन अक्षरं म्हणजे बदनापूर, तिथल्या कृषी संशोधन केंद्राचा वाण.

कंट्रोल. छापील अर्थ नियंत्रण, ताबा. इथे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. "कंट्रोलचा गहू आला का?" दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यावर सरकारी नियंत्रण आलं. ते नियंत्रण विसरलं गेलं, दुकानाला चिकटलेलं नाव उरलं.

फाउंडेशन. पाया. पण बियाण्याच्या पिशवीवर पांढरी खूणचिठ्ठी असेल तर ते फाउंडेशन, म्हणजे पायाभूत बियाणं. त्याच्या आधीची पिढी ब्रीडर, म्हणजे पैदासकार बियाणं, चिठ्ठी पिवळी. पुढची सर्टिफाइड, प्रमाणित, चिठ्ठी निळी. विरजणासारखं आहे हे: मूळचं चमचाभर चांगलं दही जपायचं, त्यावर वाटीभर लावायचं, त्यातून पातेलंभर. घरात खायला जातं ते पातेल्यातलं.

हीट. उष्णता, असं शाळेत शिकवतात. पोलादाच्या भट्टीवर एक हीट म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेला सगळा रस. तिथे "दोन हीट झाल्या" म्हणजे उन्हाळ्याची तक्रार नव्हे.

हायब्रीड. मूळ लॅटिन शब्द माणसाळलेली डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिलासाठी होता. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, आणि त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्याची कंपनी काढली. पुढे १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शब्दाची गत मात्र वेगळी झाली. कणग्या भरल्या, पण म्हाताऱ्यांना त्या भाकरीची चव पटेना. मग बेचव भाजी हायब्रीड, लवकर दमणारं पोरगं हायब्रीड. कोशात 'संकरित', बोलण्यात 'दिसायला भरदार, आतून पोकळ'. शास्त्रज्ञांना हा अन्याय वाटेल, पण शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात.

लाइट. उजेड. आपल्याकडे लाइट म्हणजे वीज, मग भर दुपारीही "लाइट गेली". ती स्त्रीलिंगी का झाली? बहुधा वीज स्त्रीलिंगी म्हणून. पाहुणा शब्द घरात आला की त्याला लिंग लावल्याशिवाय मराठी जेवायला वाढत नाही: रिपोर्ट आला, फाइल आली, बिल आलं. अनेकवचनही आपलं, फायली आणि बिलं.

मोसंबी. हा शब्द इथे चुकून आला असं वाटेल, पण नाही. मोझांबिक या आफ्रिकी देशाच्या नावावरून तो बनला. जूस सेंटरच्या पाटीवर तिला इंग्रजीत 'स्वीट लाइम' लिहितात, म्हणजे गोड लिंबू. शास्त्राच्या हिशेबाने ती गोड संत्र्याच्या जातीतली. भौगोलिक मानांकनात नाव बरोबर लागलंय: जालना स्वीट ऑरेंज.

स्पंज आयर्न. स्पंज मऊ असतो, हे लोखंड नसतं. खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून घेतला की मागे बारीक छिद्रं राहतात. नाव त्या छिद्रांचं.

ट्रुथफुल. छापील अर्थ खरं बोलणारा. बियाण्याच्या पिशवीवर हिरवी चिठ्ठी असली की ते 'ट्रुथफुल', सत्यप्रत. सरकारी यंत्रणेने प्रमाणित केलेलं नाही, उत्पादक आपल्या जबाबदारीवर म्हणतो की चिठ्ठीवर लिहिलंय ते खरं. उगवण झाली नाही की शेतकरी हा शब्द ज्या सुरात उच्चारतो, तो सूर कुठल्याही कोशात छापता येणार नाही.

६. परीक्षा कोण देतं, कोण घेतं?

अर्थ कळला तरी वाक्य का चुकतं, याचं उत्तर दोन साध्या शब्दांत आहे. गिव्ह म्हणजे देणे, टेक म्हणजे घेणे. पहिलीतलं पोर सांगेल.

आता 'मी परीक्षा दिली' हे इंग्रजीत सांगा. बहुतेक जण 'गिव्ह' लावतात. पण इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि मास्तर ती 'गिव्ह' करतात. मराठीत नेमकं उलट, मास्तर परीक्षा घेतात आणि आपण देतो. दोन्ही शब्दांचे अर्थ बरोबर, तरी वाक्य उताणं. कारण मराठीच्या डोळ्यांनी परीक्षा ही मास्तरांनी मागितलेली वस्तू आहे, ती आपण द्यायची. इंग्रजीच्या डोळ्यांनी ती मास्तरांनी पुढे केलेला कागद आहे, तो आपण घ्यायचा.

इंग्रज माणसावर हाच प्रसंग आणून बघू. त्याने मराठी कोशात 'खाणे' शोधला, अर्थ मिळाला जेवण तोंडात घालून चावणे. मग तो ऐकतो की अमक्याने मार खाल्ला, तमक्याने पैसे खाल्ले, मोसंबीने यंदा भाव खाल्ला, आणि म्हातारा ओट्यावर हवा खात बसलाय. त्याची काय अवस्था होईल! आपली 'टेक'पुढे तीच होते.

म्हणून वहीत शब्द एकटा लिहू नये, जोडीने लिहावा. 'टेक' पुढे फक्त 'घेणे' न लिहिता टेक ॲन एक्झाम, टेक अ फोटो, टेक अ सीट. चांगल्या डिक्शनरीत अर्थाखाली तिरक्या अक्षरांत वाक्यं दिलेली असतात, ती वाचावी. खरं सांगायचं तर अर्थापेक्षा तीच वाचावी. आणि लहान शब्दांना लहान समजू नये. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या वीस खंडी कोशात 'सेट' या तीन अक्षरी शब्दाला चारशे तीसच्या आसपास अर्थ दिले होते. अवघड दिसणारे लांबलचक शब्द बिचारे एकमार्गी असतात. त्यांचा अर्थ एकच आणि काम एकच.

७. झेड

शेवटच्या अक्षराचा इतिहास जरा दुखावलेल्या माणसासारखा आहे. ग्रीकांकडे ते पहिल्या सहा-सातांत होतं. रोमनांना त्याचा उपयोग वाटेना, त्यांनी ते काढून टाकलं आणि त्या जागी जी बसवला. पुढे ग्रीक शब्द लिहायची वेळ आली तेव्हा झेडला परत बोलावलं, पण जुनी जागा भरलेली. मग रांगेच्या टोकाला उभं केलं.

इंग्रजी डिक्शनरीत झेडची पानं मोजकी. जालन्यात मात्र हे अक्षर प्रत्येक खेड्यात भिंतीवर रंगवलेलं असतं, झेडपी. यातला 'जिल्हा' अरबी आहे, मूळ अर्थ बरगडी, बाजू. 'परिषद' संस्कृत. दोघांची आद्याक्षरं इंग्रजी. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या, जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. आणि "झेडपीच्या शाळेत शिकलो" या वाक्यातली झेडपी मराठी कोशात घालायची म्हटली, तर ती शेवटी जात नाही. झ हा च वर्गातला चौथा, तेव्हा ती जागा झेंडा आणि झेप यांच्या मधली.